झाकण लावलं तरी बॅटरी उतरते: लिनक्स लॅपटॉपचा दोष शोधायचा कसा

रात्री कोल्हापुरातून महालक्ष्मी एक्सप्रेस धरली, ८० टक्के बॅटरी असताना झाकण लावून लॅपटॉप पिशवीत टाकला आणि सकाळी मुंबईत उतरून पाहिलं तर पिशवी गरम, बॅटरी शून्य. लिनक्सवाल्यांची ही अगदी नेहमीची तक्रार. बहुतेक जण मग नेटवरून दहा सेटिंगं उचलतात आणि सगळी एकदम लावतात. दोष जागेवरच राहतो, शिवाय कुठल्या बदलानं काय झालं तेही कळेनासं होतं.

त्यापेक्षा आधी एक भागाकार करा. बॅटरी ५० वॅट-तासांची धरली तर ८० टक्के म्हणजे ४० वॅट-तास. प्रवास साडेदहा तासांचा. ४० भागिले १०.५ म्हणजे सुमारे ३.८ वॅट. नीट झोपलेला लॅपटॉप अर्ध्या वॅटच्या आसपास खातो, फार तर एक वॅट. पावणेचार वॅट खाणारा लॅपटॉप झोपलेला नसतो, पडदा विझवून जागा बसलेला असतो. म्हणजे इथं बॅटरी बदलून काही उपयोग नाही. याउलट रात्रभरात पाच-सहा टक्केच उतरली, पण सकाळी काम सुरू केल्यावर तासाभरात संपली, तर दोष झोपेत नाही, बॅटरीत किंवा वापरात आहे. हा फरक कळला की निम्मं काम झालं.

खाली आज्ञा आणि फायलींचे रस्ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते त्यांच्या मूळ इंग्रजी स्पेलिंगनेच टाइप करायचे. अक्षरं लहान, फक्त बॅट० सारखी उपकरणांची नावं कॅपिटलमध्ये, आणि हँडललिडस्विच, हायबरनेटडिलेसेक अशा सेटिंगांच्या नावांत प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल. रस्त्याची पहिली दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाबत गेलात की बाकीचं नाव आपोआप पुरं होतं, स्पेलिंग चुकायची भीती राहत नाही.

आधी बॅटरी

लॅपटॉप उलटा करून टेबलावर ठेवा. तळ फुगलेला दिसला, टचपॅड वर उचललं गेलं असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगली आहे. इथंच थांबा. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, बॅटरी काढून घ्या आणि परत चार्ज करू नका. टोचून हवा काढायचा प्रयत्न तर अजिबात नको, लिथियमची बॅटरी पेट घेते. ती कचऱ्याच्या गाडीतही टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची.

फुगलेली नसेल तर तिची शिल्लक ताकद पाहा:

कॅट /सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅट०/एनर्जी_फुल
कॅट /सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅट०/एनर्जी_फुल_डिझाइन

काही यंत्रांवर बॅट० ऐवजी बॅट१ असतं. आकडे मायक्रोवॅट-तासांत येतात, म्हणजे ५००००००० म्हणजे ५० वॅट-तास. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागा. ३१ भागिले ५० आलं तर बॅटरी ६२ टक्के उरली आहे, आणि नवी असताना पाच तास चालणारा लॅपटॉप आता तीन तास चालणार. यात लिनक्सचा काही दोष नाही. काही बॅटऱ्या एनर्जीऐवजी चार्ज_फुल आणि चार्ज_फुल_डिझाइन दाखवतात. तो आकडा मायक्रोअँपिअर-तासांत असतो, पण भागाकार तोच. शेजारीच सायकल_काउंट असेल तर तोही वाचा. तिथं शून्य दिसलं तर बॅटरी कोरी आहे असं समजू नका, बऱ्याच बॅटऱ्या तो आकडा सांगतच नाहीत.

बॅटरी ३० टक्के दाखवत असताना लॅपटॉप पटकन मेला, तर दोन शक्यता असतात. एक सेल खचला असेल, किंवा बॅटरीतला मोजणारा चिप वास्तवापासून भटकला असेल. एकदा १०० टक्के भरा, दोन तास तशीच लावून ठेवा, मग झोपेची सेटिंगं बंद करून पाच टक्क्यांपर्यंत उतरवा आणि पुन्हा न थांबता भरा. चिप भटकला असेल तर तो यानं जागेवर येतो. सेल खचला असेल तर पुन्हा तसंच होतं, मग बॅटरी बदलायलाच हवी. हा प्रकार दर महिन्याला करायचा नाही, कारण पूर्ण भरणं आणि पूर्ण रिकामं करणं या दोन्हींनी लिथियमची बॅटरी झिजते.

बॅटरी ८० टक्क्यांवर अडते आणि स्थिती ‘नॉट चार्जिंग’ दाखवते, ही तक्रार खरं तर तक्रारच नाही. कुणीतरी मर्यादा लावलेली असते. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगांत) पाहा, किंवा त्याच बॅट० फोल्डरमधली चार्ज_कंट्रोल_एंड_थ्रेशोल्ड ही फाइल वाचा. लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच असेल तर ती मर्यादा तशीच राहू द्या. पूर्ण भरलेली बॅटरी एप्रिल-मेच्या उकाड्यात महिनोन्‌महिने तशीच राहिली की लवकर झिजते.

चार्जर आणि वायर

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा उद्यमनगर या कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागांत मोटारी सुरू होताना विजेचा दाब खाली-वर होतो, त्याचा दोष लॅपटॉपच्या चार्जरला दिला जातो. अॅडॉप्टरवरची चिठ्ठी वाचा: बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. १८० व्होल्टला तो आरामात चालतो. त्याला मारतो तो गेलेली लाईट परत येतानाचा झटका. म्हणून पावसाळ्यात लाईट गेली की प्लग काढा, आणि परत आल्यावर दोन-तीन मिनिटांनी लावा.

सैल सॉकेट किंवा खिळखिळी जॅक ओळखायला हे चालू ठेवा आणि वायर हलवून पाहा:

अपॉवर --मॉनिटर

वायर हलली की ओळींवर ओळी यायला लागल्या, तर जोडणी तुटतेय. दर वेळी प्रणाली ‘चार्जरवर’ आणि ‘बॅटरीवर’ अशा दोन स्थितींत हिंदकळते, उजेड कमी-जास्त होतो, वेग बदलतो आणि लोक त्याला ड्रायव्हरचा दोष समजतात.

आणखी एक दोष फार फसवा आहे. जुना लॅपटॉप घेतला, सोबत दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीचा चार्जर मिळाला, आणि यंत्र गोगलगाईसारखं चालतं. काही लॅपटॉपच्या गोल पिनीत मधोमध बारीक सुई असते. चार्जर किती वॅटचा आहे हे लॅपटॉप त्या सुईवरून ओळखतो. सुई वाकली किंवा चार्जरनं ओळख सांगितली नाही की लॅपटॉप बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसरही मुद्दाम हळू ठेवतो. जड काम चालू असताना हे पाहा:

कॅट /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/सीपीयू०/सीपीयूफ्रेक/स्केलिंग_कर_फ्रेक

आकडा किलोहर्ट्‌झमध्ये येतो. काम जोरात चालू असूनही तो ४००००० किंवा ८००००० वर चिकटून राहिला आणि चार्जर काढल्याबरोबर वर गेला, तर दोष चार्जरच्या ओळखीचाच आहे. कुठलंही सेटिंग त्याला बरं करणार नाही.

टाइप-सी चार्जरमध्ये वायरही तितकीच महत्त्वाची. साधी वायर तीन अँपिअरची असते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. १०० वॅटसाठी पाच अँपिअरची, आत ओळख-चिप असलेली वायर लागते. ६५ वॅटच्या चार्जरला मोबाईलची वायर लावून काम केलं की लावूनही बॅटरी हळूहळू उतरताना दिसू शकते.

सगळं ठीक दिसत असूनही चार्जिंग सुरूच होत नसेल तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. वीज सांभाळणारा छोटा कंट्रोलर अडकला असेल तर यानं तो नव्यानं सुरू होतो.

वापरताना होणारा खर्च

चार्जर काढा, पडद्याचा उजेड अर्ध्यावर ठेवा, सगळी कामं बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि मग पाहा:

अपॉवर -आय /ओआरजी/फ्रीडेस्कटॉप/अपॉवर/डिव्हायसेस/बॅटरी_बॅट०

(रस्त्यातल्या अपॉवरमधलं यू आणि पी कॅपिटल.) त्यात एनर्जी-रेट ही ओळ वॅटमध्ये असते. साध्या १४ इंची लॅपटॉपचा आकडा ४ ते ८ च्या दरम्यान यावा. काहीच चालू नसताना १२-१५ आला तर काहीतरी जागं आहे. स्वतंत्र ग्राफिक कार्ड असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. एलएसपीसीआय या आज्ञेनं त्याचा पत्ता काढा आणि /सिस/बस/पीसीआय/डिव्हायसेस/ खाली त्या पत्त्याच्या फोल्डरमधली पॉवर/रनटाइम_स्टेटस वाचा. तिथं सस्पेंडेड यायला हवं. एनव्हिडिया-एसएमआय चालवून हे तपासू नका, ती आज्ञाच कार्डाला जागं करते आणि मग ते नेहमी जागंच दिसतं.

दुसरा संशय एकमेकांशी भांडणाऱ्या दोन सेवांवर. टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डेमन हे वीज वाचवणारे दोन्ही प्रोग्रॅम बसवलेले असतात, दोघंही तीच बटणं फिरवतात. एकच ठेवा. ग्नोम किंवा केडीई या डेस्कटॉपच्या कोपऱ्यातून ‘पॉवर सेव्हर’ निवडायची सवय असेल तर पॉवर-प्रोफाइल्स-डेमन ठेवा. बारीक नियंत्रण हवं असेल, विशेषतः थिंकपॅडवर, तर टीएलपी. फेडोरा लिनक्सनं ४१ व्या आवृत्तीपासून पॉवर-प्रोफाइल्स-डेमनच्या जागी ट्यून्ड आणलंय, तेव्हा तिथं टीएलपी घालण्याआधी ते काढा.

पॉवरटॉप हे मोजण्याचं उत्तम हत्यार आहे. सुडोनं (म्हणजे प्रशासकाच्या, रूटच्या हक्कानं) चालवा, बॅटरीवर असताना चालवा, आणि कोणती प्रक्रिया सेकंदाला किती वेळा प्रोसेसर उठवते ते बघा. त्याचा --ऑटो-ट्यून पर्याय मात्र प्रत्येक बूटला आपोआप लावू नका. तो सगळ्या यूएसबी उपकरणांना झोपवतो, मग माउस दोन सेकंद शांत राहिला की अडखळतो आणि आवाज सुरू होताना टक्‌ वाजतं. पॉवरटॉपनं दाखवलेल्यातलं एकेक लावून पाहा, फरक पडला तेवढंच कायम करा.

झोप का लागत नाही

इथं सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो, आणि तो द्यावा. पहिली आज्ञा:

कॅट /सिस/पॉवर/मेम_स्लीप

उत्तरात एस२आयडल आणि डीप असे शब्द येतात, जो चौकोनी कंसात तो सध्या लागू. डीप म्हणजे जुनी एस३ झोप: मेमरीला तेवढी वीज, बाकी सगळं बंद. एस२आयडल म्हणजे प्रोसेसर तांत्रिकदृष्ट्या चालूच, फक्त प्रत्येक भागानं आपापलं डोकं खाली ठेवायचं. एका भागानं जरी ठेवलं नाही तरी सगळं घर जागं. गेल्या काही वर्षांतल्या पुष्कळ लॅपटॉपांत डीप हा पर्याय कंपनीनंच काढून टाकला आहे. यादीत तो नसेल तर कुठल्याही आज्ञेनं तो येणार नाही. थिंकपॅडच्या काही मॉडेलांत बायोसमध्ये ‘स्लीप स्टेट’खाली ‘लिनक्स’ निवडायची सोय असते, तेवढं पाहून घ्या.

डीप यादीत असेल पण कंसात एस२आयडल असेल, तर आधी तात्पुरतं बदला:

इको डीप | सुडो टी /सिस/पॉवर/मेम_स्लीप

(इथली टी ही आज्ञा टी-ई-ई अशी लिहायची.) आता पाच-सहा वेळा झोपवा आणि उठवा. पडदा काळाच राहिला किंवा वायफाय परत आलं नाही, तर या यंत्राचं फर्मवेअर (कंपनीनं आत भरलेलं मूळ सॉफ्टवेअर) डीपसाठी नीट तपासलेलं नाही. रीबूट केलं की जुनं परत येतं, म्हणूनच हे आधी तात्पुरतं करायचं. सगळं ठीक चाललं तर /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब मधल्या कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याला सूचना देणाऱ्या) ओळीत मेम_स्लीप_डीफॉल्ट=डीप जोडा आणि उबुंटू-डेबियनवर सुडो अपडेट-ग्रब चालवा.

मग लॉग, म्हणजे प्रणालीची नोंदवही, वाचा:

जर्नलसीटीएल -के -बी | ग्रेप पीएम

(पीएम कॅपिटलमध्ये.) ‘सस्पेंड एंट्री’ची ओळ आहे आणि ‘सस्पेंड एक्झिट’ची आहे, तर त्यांच्या वेळा पाहा. तीन गोष्टी दिसू शकतात.

एंट्रीची ओळच नाही: मग झाकणाचा निरोप कर्नलपर्यंत पोचलाच नाही. सिस्टिमडी-इनहिबिट --लिस्ट पाहा. कुणीतरी झोप रोखून धरलेली असते: व्हिडिओ प्लेअर, अपडेट, कधी बाहेरचा मॉनिटर. /ईटीसी/सिस्टिमडी/लॉगिनडी.कॉन्फ मध्ये हँडललिडस्विच तपासा. ओळीच्या सुरुवातीला हॅश चिन्ह असेल तर ती ओळ निष्क्रिय असते. केडीईवर मात्र या फाइलमध्ये कितीही बदल केले तरी उपयोग होत नाही, कारण झाकण केडीई स्वतः सांभाळतं. तिथं त्याच्याच सेटिंगमध्ये जावं लागतं. फाइल बदलल्यावर यंत्र रीबूट करा. चालू डेस्कटॉपवर लॉगिनडी सेवा रीस्टार्ट केली तर सत्र तुटू शकतं.

एंट्री आणि एक्झिटमध्ये एक-दोन सेकंदच: कुणीतरी लगेच उठवलं. जागं झाल्याबरोबर /सिस/पॉवर/पीएम_वेकअप_आयआरक्यू वाचा. त्यातला क्रमांक /प्रॉक/इंटरप्ट्स मध्ये शोधला की उपकरणाचं नाव मिळतं. डीप झोप असेल तर /प्रॉक/एसीपीआय/वेकअप उघडा. ‘एनेबल्ड’ लिहिलेल्यांपैकी एक्सएचसी हा यूएसबीचा कंट्रोलर नेहमीचा गुन्हेगार: पिशवीत माउसचा छोटा रिसीव्हर लावलेला असतो, माउस हलतो, लॅपटॉप उठतो. बंद करायला:

इको एक्सएचसी | सुडो टी /प्रॉक/एसीपीआय/वेकअप

ही आज्ञा दिव्याच्या बटणासारखी आहे, दुसऱ्यांदा दिली की परत चालू होतं. म्हणून ती बूटच्या सेवेत घालताना दोनदा चालणार नाही याची काळजी घ्या. रीबूटनंतर बदल पुसला जातो, त्यामुळे प्रयोग करायला हरकत नाही.

एंट्री ते एक्झिट सहा-सात तास, तरी बॅटरी उतरली: हा एस२आयडलचा खास आजार. कर्नलनं झोप जाहीर केली, पण हार्डवेअर खोल गेलंच नाही. ६.४ पासूनच्या कर्नलवर हे वाचा:

कॅट /सिस/पॉवर/सस्पेंड_स्टॅट्स/लास्ट_एचडब्ल्यू_स्लीप

आकडा मायक्रोसेकंदांत असतो. एक तास झोपवलं तर तो ३६० कोटींच्या जवळ यावा. शून्य आला किंवा फार कमी आला, तर एखादा भाग अडून बसलाय. एकेक करून बाजूला काढा: एसडी कार्ड, यूएसबीला लावलेलं सगळं, मग बायोसची नवी आवृत्ती, मग एसएसडीचं फर्मवेअर. एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर अपडेट ही आज्ञा शेवटची दोन कामं बऱ्याच यंत्रांवर लिनक्समधूनच करते. इंटेलच्या यंत्रावर बायोसमध्ये डिस्क ‘रेड’ किंवा ‘व्हीएमडी’वर असेल तर त्याचाही संशय घ्या. मात्र शेजारी विंडोज असेल तर तिथं हात लावण्याआधी विंडोजची तयारी करावी लागते, नाहीतर ते बूट होणं बंद होतं.

झोपल्यावर यंत्र उठतच नसेल, बटण दाबून मारावंच लागत असेल, तर कर्नलची स्वतःची चाचणी वापरा. चालू काम आधी जतन करा. मग रूटनं /सिस/पॉवर/पीएम_टेस्ट मध्ये फ्रीझर लिहा आणि सिस्टिमसीटीएल सस्पेंड द्या. कर्नल फक्त प्रक्रिया गोठवतो, पाच सेकंद थांबतो आणि स्वतःच परत येतो. ते जमलं तर डिव्हायसेस, मग प्लॅटफॉर्म. डीप झोपेत याच्या पुढे प्रोसेसर्स आणि कोअरही तपासता येतात, एस२आयडलमध्ये मात्र प्लॅटफॉर्मपर्यंतच. ज्या पायरीवर यंत्र अडकलं तिथं दोष. डिव्हायसेसवर अडकलं तर एखादा ड्रायव्हर: वायफाय, ब्लूटूथ, ग्राफिकची मॉड्यूलं एकेक काढून पुन्हा तीच पायरी चालवा. संपल्यावर पीएम_टेस्टमध्ये नन (‘काहीच नाही’ या अर्थाचा इंग्रजी शब्द) लिहायला विसरू नका, नाहीतर खरी झोप कधीच लागणार नाही.

लाईट गेली, येणार कधी माहीत नाही

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर शहराच्या बऱ्याच भागांत वीज कित्येक दिवस नव्हती. तशा वेळी झोप पुरत नाही, हायबरनेट लागतं: मेमरी डिस्कवर लिहून यंत्र पूर्ण बंद. त्यासाठी डिस्कवर स्वॅप (मेमरी उतरवून ठेवायची राखीव जागा) हवी, आणि ती रॅमइतकी ठेवा. फेडोराची नेहमीची झेडरॅम स्वॅप इथं चालत नाही, कारण ती रॅममध्येच असते. सिक्युअर बूट (सही नसलेली प्रणाली सुरू होऊ न देणारी बायोसची सोय) चालू असेल तर कर्नल हायबरनेट अडवतो आणि लॉगमध्ये ‘लॉकडाऊन’ असा शब्द दिसतो. ते बंद करायचं की नाही हा निर्णय तुमचा. लॅपटॉप फिरतीवर असेल तर स्वॅपसकट पूर्ण डिस्क कूटबद्ध असल्याशिवाय करू नका.

स्वॅप वेगळ्या विभाजनात असेल तर कर्नलच्या ओळीत रिझ्यूम= पुढे त्याचा यूयूआयडी (विभाजनाचा ओळखक्रमांक) द्या. स्वॅप फाइल असेल तर फाइल ज्या विभाजनात आहे त्याचा यूयूआयडी, आणि शिवाय रिझ्यूम_ऑफसेट. तो एक्सटी४ फाइलसिस्टिमवर सुडो फाइलफ्रॅग -व्ही नं मिळतो: पहिल्या ओळीतल्या फिजिकल ऑफसेटचा पहिला आकडा. इनिशियल रॅमडिस्क (बूटच्या सुरुवातीला चढणारी छोटी प्रणाली) नव्यानं बनवा, उबुंटूवर सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू. हे राहिलं तर लॅपटॉप डिस्कवर लिहितो पण उठताना ते वाचतच नाही, कोरा बूट होतो आणि उघडं काम जातं.

चाललं की लॉगिनडी.कॉन्फ मध्ये हँडललिडस्विच=सस्पेंड-देन-हायबरनेट करा आणि /ईटीसी/सिस्टिमडी/स्लीप.कॉन्फ मध्ये हायबरनेटडिलेसेक=३०मिन. झाकण लावल्यावर अर्धा तास साधी झोप, नंतर पूर्ण बंद. झोपेतला दोष अजून सापडला नसेल तरी एवढ्यानं रात्रीचा प्रवास निभावतो.

बॅटरी जुनी असेल तर आणखी एक आकडा बदला. /ईटीसी/अपॉवर/अपॉवर.कॉन्फ मध्ये (फोल्डर आणि फाइल दोन्हींत पहिलं यू आणि पी कॅपिटल) पर्सेंटेजअॅक्शन मुळात २ असतं. झिजलेली बॅटरी आठ टक्क्यांवरून थेट शून्यावर येते, डिस्कवर लिहायला वेळच मिळत नाही. ते १० करा, आणि पर्सेंटेजक्रिटिकल त्याहून मोठं, पर्सेंटेजलो त्याहूनही मोठं ठेवा, कारण क्रम उतरता नसला तर अपॉवर मूळचेच आकडे वापरतो.

फ्रीबीएसडी असेल तर

फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखी, पण वेगळी प्रणाली. तिथं एसीपीआयकॉन्फ -आय ० बॅटरीची मूळ आणि शिल्लक ताकद दाखवतं. सिससीटीएल एचडब्ल्यू.एसीपीआय.सपोर्टेड_स्लीप_स्टेट मध्ये एस३ असेल तर एसीपीआयकॉन्फ -एस ३ नं झोपवून पाहा. जमलं तरच एचडब्ल्यू.एसीपीआय.लिड_स्विच_स्टेट ला एस३ द्या. पडदा काळा राहत असेल तर आधी ग्राफिकचं डीआरएम मॉड्यूल चढलंय का ते बघा.

यातलं काहीच लागू पडलं नाही आणि लॅपटॉप दुकानात न्यायची वेळ आली, तर दुकान राजारामपुरीतलं असो की इचलकरंजीतलं, सोबत एक कागद न्या: मॉडेल, बायोसची आवृत्ती, यूनेम -आर चं उत्तर, एनर्जी_फुलचे दोन्ही आकडे, मेम_स्लीपची ओळ, आणि एका रात्रीत किती टक्क्यांवरून किती टक्के उतरली ते वेळेसकट. कारागिराला लिनक्स येत नसलं तरी त्या आकड्यांवरून बॅटरी, जॅक की बोर्ड हे त्याला सांगता येतं.